चावी फिरवली की नुसतं ‘खट्’

ज्यांची गाडी कधी एका चावीत सुरू होते, कधी दहा वेळा फिरवूनही होत नाही, आणि गॅरेजमध्ये नेली की गुणी मुलासारखी वागते, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते आहे. मी मेकॅनिक नाही. गुहागर तालुक्यात घरी आमसुलं, आगळ, आंबापोळी, फणसपोळी करते आणि एक गुरुवार सोडून एक दाभोळची खाडी ओलांडून दापोलीच्या दुकानांना माल पोचवते. गाडी थांबली की धंदा थांबतो, एवढाच माझा गाडीच्या पोटाशी संबंध होता. १६ जून ते १९ सप्टेंबर २०२४, म्हणजे जवळजवळ अख्खा पावसाळा, मी सेल्फच्या मागे होते. चावी फिरवल्यावर इंजिनला पहिला फेरा देते त्या स्टार्टर मोटरला आमच्याकडे सगळे सेल्फच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

गाडी २०१२ची, डिझेल. २०२२च्या सुरुवातीला चिपळुणातून जुनी घेतली तेव्हा गावात ज्याने त्याने एकच विचारलं, “पुरातली नाही ना?” २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली, तेव्हापासून तिथून गाडी घेणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. आधीच्या मालकाने गाडी तेव्हा पुण्यात होती म्हणून सांगितलं, टोलच्या पावत्या दाखवल्या, मी विश्वास ठेवला. तरी हा किडा डोक्यात होताच, आणि २०२४च्या पावसाळ्यात सेल्फने त्रास द्यायला सुरुवात केल्यावर तो रोज रात्री वळवळायला लागला.

१६ जून, रविवार. रात्रभर पाऊस कोसळलेला. सकाळी चावी फिरवली तर बोनेटखालून ‘खट्’ असा एकच आवाज, पुढे काही नाही. डॅशबोर्डचे दिवे लख्ख, वायपर चालू. परत फिरवली, परत खट्. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. दमट हवा असेल, म्हटलं. जूनमध्ये आमच्याकडे काडेपेटी पेटत नाही, तिथे गाडीचं काय घेऊन बसलात.

२७ जूनला शृंगारतळीच्या बाजारात बँकेतलं दहा मिनिटांचं काम आटोपून गाडीत बसले, तर खट्, खट्, खट्. पाच वेळा. भोवती माणसं जमली आणि प्रत्येकाला काय झालंय ते ठाऊक होतं. जवळच्या गॅरेजवाल्याने येऊन बॅटरीवरची तारीख बघितली आणि निकाल दिला, “ताई, बॅटरी गेली. तीन वर्षं चालली, अजून किती चालायची?” मीटर लावला नाही, काही मोजलं नाही. मुंबईला नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, बॅटरीच असणार. जुनी देऊन नवी बसवली, ५,६०० रुपये.

त्या दिवशी मला माहीत नव्हतं ते आता माहीत आहे. बॅटरी दमलेली असली की चावी फिरवताच दिवे मंदावतात, नाहीतर ‘कटकटकटकट’ असा भराभर आवाज येतो. माझे दिवे तसेच्या तसे जळत होते. म्हणजे बॅटरीवर जड भार पडतच नव्हता. तो पुरावा माझ्या नाकासमोर होता आणि मी ५,६०० रुपये मोजून त्याच्याकडे पाठ केली.

पुढचे दोन आठवडे गाडी झकास चालली. तेवढ्यात मी दोघांना बॅटरी बदलायचा सल्लाही देऊन टाकला.

११ जुलैला धोपाव्याच्या जेटीवर फेरीबोटीच्या रांगेत गाडी बंद करून उभी होते. फेरीबोटीला आमच्याकडे जंगलजेटी म्हणतात. बोट लागली, चावी फिरवली, खट्. मागच्याने हॉर्न दिला. चौथ्यांदा लागली. नवी बॅटरी बसवून उणेपुरे चौदा दिवस झाले होते.

मग बॅटरीच्या वॉरंटीचा फेरा. कार्डावर लिहिलेलं ४८ महिने, त्यातले पहिले २४ पूर्ण मोफत बदलून. चिपळूणच्या वितरकाकडे गेले तर कार्डावर दुकानाचा शिक्काच नव्हता, आणि गाडीच्या नंबरात एक आकडा चुकलेला. “असं कार्ड पुढे चालणार नाही मॅडम.” परत शृंगारतळीला येऊन शिक्का, आकड्यावर खाडाखोड, खाडाखोडीवर सही. १३ जुलैला बॅटरी जमा केली. ते ती चार्जिंगला लावून, थंड होऊ देऊन मगच तपासतात, म्हणून दोन-तीन दिवस ठेवून घेतात. तोवर वापरायला त्यांची सर्व्हिस बॅटरी दिली. १६ जुलैला कागद हातात आला: ‘बॅटरी योग्य स्थितीत.’ मला राग आला, मला फसवतायत असं वाटलं. खरं म्हणजे त्या तीन दिवसांत त्यांच्या बॅटरीवरही गाडीने दोनदा खट् केलं होतं. दोन वेगळ्या बॅटऱ्या आणि दुखणं एकच. हे माझ्या लक्षात यायला ऑगस्ट उजाडला. (बॅटरी घ्याल तेव्हा दुकानातच कार्ड भरून, शिक्का मारून घ्या आणि तिथेच फोटो काढा. गाडीच्या नंबराचा एकेक आकडा मोठ्याने वाचा.)

२४ जुलैला चिपळूणच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गाडी दिवसभर ठेवली. त्यांनी म्हणे वीस वेळा सुरू केली, वीसही वेळा लागली. जॉबकार्डावर ‘तक्रार आढळली नाही’ आणि तपासणीचे ५०० अधिक जीएसटी, ५९० रुपये. वर अंदाजपत्रक: नवा सेल्फ १०,८८०, मजुरी १,४१६. काउंटरवरचा मुलगा भला होता. म्हणाला, “मॅडम, सेल्फ बसवून बघू.” त्या ‘बघू’ने मला सावध केलं. बघणार ते होते, पैसे माझे जाणार होते. घरी येऊन दुसऱ्या एकाच्या सांगण्यावरून सेल्फची रिले, म्हणजे सेल्फकडे करंट सोडणारा छोटा स्विच, तेवढी बदलली, २४० रुपये. फरक शून्य.

आणि मग ८ ऑगस्ट.

बोटीवर गाडी चढवली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. दाभोळची जेटी आली, पुढची दारं खाली गेली, दुचाक्या सुटल्या, रिक्षा सुटली, माझ्या पुढची गाडी गेली. खट्. परत खट्. मी नेमकी मधल्या ओळीत. मागे मासळीचा टेम्पो, त्यातून बर्फाचं पाणी ठिबकतंय, आणि पलीकडे जाण्यासाठी दाभोळच्या बाजूला माणसं खोळंबलेली. बोटीवरच्या पोराने खिडकीवर थाप मारली, “ताई, न्यूट्रल करा नि ब्रेक सोडा, आम्ही ढकलतो.” सहा माणसांनी चढावरून गाडी वर ढकलली. स्टिअरिंग धरून बसले होते आणि मागच्या सीटवर दुकानांना द्यायच्या चाळीस किलो आमसुलांचे डबे, तेही तीच माणसं ढकलतायत, याची इतकी लाज वाटली की उतरून आभार मानायचंही सुचलं नाही.

विम्याच्या पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीची जोड होती, त्या नंबरला फोन लावला. पॉलिसी नंबर, गाडी नंबर, ओटीपी. ओटीपीला रेंज नाही, म्हणून चढ चढून वर गेले. “मॅडम, जवळचा चौक कोणता?” मागे खाडी, पुढे चढ, चौक कुठून आणू? शेवटी जेटीजवळच्या जुन्या शाही मशिदीचं नाव सांगितलं, तेव्हा त्यांच्या नकाशात दाभोळ सापडलं. टोइंगची गाडी खेडहून निघेल, अडीच तास लागतील.

तासाभराने तोच मासळीवाला टेम्पो माल उतरवून परतीच्या बोटीसाठी जेटीवर आला. मी अजून तिथेच. त्याने विचारलं, “काय आवाज येतो?” आवाज विचारणारा तो पहिला माणूस. खट् म्हटल्यावर त्याने टेम्पोतून टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, काढली, बोनेट उघडून हात आत घातला, मला चावी फिरवायला सांगितली आणि टॉमीच्या टोकाने सेल्फच्या अंगावर हलकेच दोन टोले दिले. गाडी सुरू! “सेल्फ खोलून घ्या ताई. ठोकून चालतोय म्हणजे दुखणं त्याच्या आतच आहे,” एवढं बोलून तो बोटीवर चढलासुद्धा. ही युक्ती कायमची नाही, आणि ठोकायचं तेही लोखंडी कवचावर, हळू. जोरात ठोकलं तर आतली चुंबकं फुटू शकतात.

टोइंगवाल्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांची गाडी निघालेली असल्यामुळे वर्षाच्या चार मदतींपैकी एक वापरली असं धरलं. नियमच तसा आहे, पॉलिसीच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरात.

रात्री मुलीची अर्धी कोरी वही घेतली आणि रकाने आखले: तारीख, वेळ, गाडी किती चालून आली, बंद करून किती मिनिटं झाली, आवाज, दिवे मंदावले का, कितव्यांदा लागली. ही कल्पना काही फार हुशारीची नव्हती. सर्व्हिस सेंटरमध्ये ‘कधी कधी होतं’ म्हणताना मला माझीच शरम वाटली होती, म्हणून. पण सगळ्या पावसाळ्यात मी केलेलं एकमेव शहाणपणाचं काम तेच ठरलं.

५ सप्टेंबरपर्यंत ६१ वेळा गाडी सुरू केली. १४ वेळा पहिल्या चावीला लागली नाही. त्या १४ पैकी १२ वेळा गाडी चालून तापलेली होती आणि बंद करून पाच ते तीस मिनिटं झालेली. उरलेल्या दोन वेळा मुसळधार पावसातल्या सकाळी, थंडगार असताना. आवाज चौदाही वेळा एकच खट्. दिवे एकदाही मंदावले नाहीत. म्हणजे सर्व्हिस सेंटरने वीस वेळा सुरू केली ती उभी राहून निवलेली गाडी. आणि फेरीबोटीवर नेमकं काय होतं, तर गाडी पस्तीस-चाळीस मिनिटं चालून तापते, रांगेत आणि बोटीवर दहा-पंधरा मिनिटं बंद राहते, मग सुरू करायची. माझ्या गाडीला न लागायला जे जे हवं ते सगळं जंगलजेटी तिला अगदी वेळेवर पुरवत होती.

७ सप्टेंबरला गणपती. ५ तारखेच्या गुरुवारी मी दापोलीला गेलेच नाही, फोन करून माल नंतर पाठवते म्हटलं. त्याच दिवशी पुतण्या चिपळूणहून आला. तो तेव्हा आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला होता. वही दाखवल्यावर म्हणाला, “काकी, आमच्या सरांना दाखवा ही.” पण आरत्या, मोदक, मुंबईहून आलेली माणसं, घरात पाय ठेवायला जागा नाही. १२ तारखेला गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, १३ला घर रिकामं झालं आणि आम्ही अंगणात गाडी लावली.

आधी त्याने मला सेल्फ समजावला. चावी फिरवली की एका बारीक वायरीतून करंट सेल्फच्या डोक्यावरच्या सोलेनॉइडच्या गुंडाळीत जातो. तिचं चुंबक होतं, ते आतला लोखंडी दट्ट्या खेचतं. तो दट्ट्या दोन कामं करतो. एका टोकाने काटा ढकलून लहान दातेरी चाक, गॅरेजच्या भाषेत बेंडिक्स, इंजिनच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, रिंगच्या दातांत अडकवतो. दुसऱ्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड काँटॅक्टवर टेकवतो, आणि मग बॅटरीचा खरा जड करंट मोटरमध्ये शिरतो. “तुमचं खट् म्हणजे दट्ट्या धावला. पण मोटर फिरली नाही. घंटेला टोल लागतो आणि नाद येत नाही, तसं.” मोटर नुसतीच घूंऽऽ करून फिरली आणि इंजिन हललं नाही तर बेंडिक्स घसरतंय. खर्रर्र वाजलं तर दात झिजलेत. यातलं माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणजे शोध बराच अरुंद झाला होता.

आणि तापल्यावरच का? तांब्याची गुंडाळी तापली की तिचा रोध वाढतो, करंट कमी जातो, चुंबकाची ओढ ढिली पडते. गाडी बंद केल्यावर वारा थांबतो आणि इंजिनची धग सगळ्यांना शिजवत राहते. गॅसवरून उतरवलेलं पातेलं फडक्यात गुंडाळून ठेवावं, तसा सेल्फ त्या पंधरा मिनिटांत आणखी तापतो.

मीटर त्याने चिपळूणहून आणला होता, ३८० रुपयांचा साधा डिजिटल. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या-मागच्या चाकांना जांभ्याचे दोन चिरे. हे सोडू नका. सेल्फची तपासणी करताना गाडी गिअरमध्ये राहिली तर ती उडी मारते, आणि समोर आपणच असतो.

उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. इंजिन फिरताना १०.५, तेही ठीक. ९.६च्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय. मग त्याने एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला लावलं, क्लॅम्पला नाही, खुद्द शिशाच्या खुंटीला, आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. मी चावी फिरवली. ०.९ व्होल्ट. “इथे ०.२ यायला हवं. बाकीचं वाटेत चोरीला जातंय.” चोर लगेच सापडला. बॅटरीकडून गिअरबॉक्सकडे जाणारी अर्थिंगची पट्टी, तिच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली हिरवट पांढरी भुकटी, निम्मे धागे हात लावताच तुटले. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. खिळे, बिजागऱ्या, पंख्याची पाती सगळं खारी हवा खाते, मग ही पट्टी कुठली सुटायला. पट्टी नवी १८० रुपये, पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश मिळून ६०. धातू चकाकेपर्यंत घासला, पट्टी आवळली, वरून ग्रीस. परत मोजलं तर ०.१.

नवी बॅटरी बसवल्यावर दोन आठवडे गाडी बरी का चालली, त्याचाही तिथे अंदाज आला. बसवणाऱ्याने टर्मिनल घासून आवळली होती. एका ठिकाणची चोरी कमी झाली आणि गाडी तेवढ्यावर निभावून नेत होती.

मला वाटलं, झालं. १३ आणि १४ तारखेला मिळून नऊ वेळा सुरू केली, नऊही वेळा पहिल्या चावीत. १५ला रविवारी दुपारी गुहागरहून येताना पेट्रोलपंपावर थांबले आणि खट्. तिथेच स्टिअरिंगवर डोकं टेकलं. एका रोगाखाली दुसरा रोग असतो, हे माणसांच्या बाबतीत ऐकून होते.

पुतण्या दुसऱ्या दिवशी जाणार होता. म्हणाला, आज पकडू. मीटरला लांब वायरी जोडून, टोकाला मगरचिमटे लावून त्या सेल्फवर आधीच अडकवल्या आणि पंख्यापासून लांब, बोनेटच्या कडेने बाहेर काढल्या. खट् झाल्यावर हात आत घालत बसायचं नाही, तयारी आधी. मग वहीत लिहिलं होतं तसंच: मोडकाआगरचा चढ चढून यायचं, अंगणात गाडी बंद करायची, बारा मिनिटं थांबायचं. पहिल्या फेरीला सुरू झाली. दुसऱ्या फेरीलाही. त्या दिवशी गाडी नीट सुरू झाली म्हणून मी चरफडत होते. तिसऱ्या फेरीपर्यंत दिवेलागण झाली, डास फोडून काढत होते. चावी फिरवली.

खट्.

“काकी, सोडू नका, धरून ठेवा!” पाच सेकंद, त्याच्या वर नाही, नाहीतर गुंडाळी जळते. सोडायची, दम घ्यायचा, परत धरायची. तीन वेळा धरली, तीन आकडे मिळाले. चावीकडून येणारी बारीक वायर ११.४ व्होल्ट, म्हणजे चावी, स्विच, रिले सगळं निर्दोष. बॅटरीकडून येणारा जाड बोल्ट १२.३, म्हणजे केबल निर्दोष. शेजारचा, मोटरकडे जाणारा बोल्ट ०.२. दोन बोल्टांमध्ये दीड बोटाचं अंतर, एकावर बारा व्होल्ट आणि दुसऱ्यावर जवळपास शून्य. मधे फक्त ती तांब्याची चकती आणि काँटॅक्ट. “मिळाला,” तो म्हणाला.

मी विचारलं, मोटरचे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला टेकून करंट पोचवणारे तुकडे, झिजले असतील तर? तो म्हणाला, कार्बन टेकतच नसते तर मोटरकडच्या बोल्टवर उलट व्होल्टेज चढलेलं दिसलं असतं, कारण सोलेनॉइडच्या एका गुंडाळीचा करंट मोटरमधूनच जमिनीला जातो. हे मला दोनदा समजून घ्यावं लागलं, तुम्हालाही लागेल.

१९ सप्टेंबर, गुरुवार. दापोलीऐवजी चिपळूण. पुतण्याच्या सरांनी सांगितलेलं दुकान: ‘सेल्फ, डायनॅमो, वायरिंग’ अशी पाटी, आणि आत भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पुराच्या पाण्याची रेघ, तिच्या बाजूला ऑइलपेंटने तारीख. मालक सत्तरीचे काका. त्यांनी चष्मा लावून वही पहिल्या पानापासून वाचली. मिस्टर आले नाहीत का, असं त्यांनी विचारलं नाही. हे इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण तीन महिन्यांत बाकी सगळ्यांनी विचारलं होतं.

दुकानातल्या पोराने आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडली, मग सेल्फला हात लावला. घरी करणार असाल तर हाच क्रम, कारण सेल्फच्या जाड बोल्टवर चावी काढलेली असतानाही बॅटरीचा करंट असतो. पाऊण तासात सेल्फ टेबलावर. काकांनी आधी त्याच्या नाकाडात बोट फिरवून बघितलं. “गाळ नाही. पुरातली नाही तुमची गाडी.” कामाचे पैसे तिथेच वसूल झाले असं वाटलं मला. अडीच वर्षांचा किडा त्या एका बोटाने चिरडला.

सोलेनॉइडची टोपी डाग दिलेली असते, डाग वितळवून ती उघडावी लागते. काही गाड्यांत ती इतकी बंद असते की सोलेनॉइड अख्खाच बदलतात. माझा उघडला. दोन काँटॅक्टपैकी एक निम्मा खाल्लेला, काळा, आणि चकतीला खड्डे. चकती दर वेळी थोडी थोडी फिरते, काका म्हणाले. चांगली बाजू समोर आली की गाडी सुरू, खड्डा समोर आला की खट्. गरम असताना ओढ ढिली, त्यामुळे आणखी वाईट. टोला मारला की चकती हलते. टेम्पोवाल्याची टॉमी तेवढंच करत होती.

कार्बन एकतृतीयांश उरले होते. आता उघडलाच आहे तर बदलू, असं त्यांनी मला विचारून बदलले. बुश, म्हणजे मोटरचा दांडा ज्यांत फिरतो त्या नळ्या, थोडे झिजलेले, तेही. फ्लायव्हीलच्या रिंगचे दात टॉर्च मारून, इंजिन हाताने फिरवून बघितले, शाबूत होते. काँटॅक्ट आणि चकती ३५०, कार्बन २४०, बुश १६०, मजुरी ७००. एकूण १,४५० आणि तीन तास. खराब चकती मी मागून घेतली, ती देवळीत ठेवली आहे. मुलगी तिला चंद्र म्हणते.

हिशोब: बॅटरी ५,६००, तपासणी ५९०, रिले २४०, मीटर ३८०, पट्टी १८०, पॉलिश पेपर-ब्रश ६०, सेल्फ १,४५०. एकूण ८,५००. त्यातले कामाचे २,०७०. जुनी बॅटरी चांगली होती की नव्हती हे आता कळायचं नाही, ती मोडीत गेली. शिवाय चिपळूणच्या खेपांचं डिझेल आणि दापोलीचे बुडालेले दोन गुरुवार, ते मी मांडलेच नाहीत.

३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, पहिल्यांदा परत जंगलजेटीवर गेले. बोटीवरच्या पोराने लांबूनच ओळखलं. “ताई, आज बंद करू नका हां गाडी!” मी बंद केली. खाडी ओलांडेपर्यंत तळव्यांना घाम. दाभोळला दार खाली गेलं, चावी फिरवली, आणि इंजिन इतक्या सहज लागलं की मला दोन सेकंद कळलंच नाही. तो मासळीवाला टेम्पो त्या दिवशी नव्हता. २८ नोव्हेंबरला भेटला, तेव्हा त्याला अर्धा किलो आमसुलं दिली. त्याने मला ओळखलं नाही, गाडीला ओळखलं.

वहीत खट्ची शेवटची नोंद १५ सप्टेंबरची आहे. रकाने तसेच ठेवून मी आता त्यात दिवाळीपासूनच्या ऑर्डरी लिहिते. ‘कितव्यांदा लागली’ या रकान्यात किलो येतात.